कोरड्या वाईनचं जेवण

माझ्या नवऱ्यानं निवृत्त होईपर्यंत दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. त्यांना पित्ताचा त्रास होता. पंचायत समितीतले सोबती दौऱ्यावर गेले की बाटल्या उघडायचे आणि हे बाजूला बसून त्यांचे शेंगदाणे संपवायचे. घरी आल्यावर मात्र मला सांगायचे, "माणसाले तत्त्व पाहिजे." मी ऐकून घ्यायची. शाळेत पोरांचं आणि घरी यांचं ऐकून घेण्यात माझा जन्म गेला.

आम्ही दारव्ह्याला राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, आता मीही निवृत्त आहे. मुलगा नाशिकला नोकरीला असतो आणि सून तिथलीच. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही त्यांच्याकडे पंधरा दिवस राहायला गेलो. एका रविवारी सून म्हणाली, "चला आई, तुम्हाला द्राक्षांच्या मळ्यात नेते." मला वाटलं, द्राक्षं खायला मिळतील. तिथं कुणी द्राक्षाला हातही लावू देत नव्हतं. एक मोठा गार हॉल होता, उंच टेबलं होती, आणि काळा एप्रन घातलेली एक मुलगी वीस-पंचवीस माणसांना वाईन कशी प्यायची ते शिकवत होती. ग्लास दांडीला धरायचा, पोटाला नाही. आधी बघायचं, मग गोल फिरवायचं, मग नाक आत घालायचं. मी आयुष्यभर पोरांना पाणी कसं प्यायचं ते शिकवलं, त्यामुळे मला त्या मुलीचं वाईट वाटलं.

तिनं पहिल्यांदा जी ओतली ती पांढरी वाईन होती. पांढरी म्हणायची, पण रंग लिंबू पिळलेल्या पाण्याचा. "ही ड्राय आहे," ती म्हणाली. सुनेनं मला हळूच सांगितलं, "ड्राय म्हणजे त्यात साखर उरलेली नसते." मग त्या मुलीनं नेमकं माझ्या नवऱ्याकडे पाहून विचारलं, "सर, तुम्हाला कशाचा वास येतोय?"

त्यांनी नाक खुपसलं. डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पेरू."

"एक्सलंट, सर," मुलगी म्हणाली. "अगदी बरोबर. पेरू, कापलेलं गवत आणि थोडी ढोबळी मिरची."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आता माझं काही खरं नाही. साऱ्या नोकरीत त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. साहेबांनी सांगायचं आणि यांनी लिहायचं. आणि इथे एक शिकलेली, नीटनेटकी मुलगी चार लोकांसमोर त्यांना विचारत होती की तुम्हाला काय वाटतं, आणि वर बरोबर म्हणत होती. पेरू तर शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मघाशीच म्हटला होता, आणि यांनी तो ऐकला होता, हे मी पाहिलं होतं.

मी स्वतः प्यायले नाही. मी आमच्या वॉर्डाच्या दारूबंदी महिला गटाची अध्यक्ष होते. मुलीनं ग्लास पुढे केला तेव्हा मी हात आडवा केला आणि सोबत ठेवलेली बिस्किटं खाल्ली.

निघताना त्यांनी दोन बाटल्या घेतल्या, दोन्ही त्याच कोरड्या पांढरीच्या. परतीच्या दिवशी त्या माझ्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवायला लागले. मी म्हटलं, "तुमच्या बॅगेत ठेवा."

"माह्यावाली बॅग लहान हाय," ते म्हणाले. "आणि वाईन म्हणजे काही दारू नव्हे. फळाचा रस आहे तो."

नाशिक ते बडनेरा रेल्वे आणि बडनेऱ्याहून नेरमार्गे एसटी, असा तो फळाचा रस दारूबंदीच्या अध्यक्षबाईंच्या मांडीवर बसून दारव्ह्याला आला. खड्डा आला की मी बॅग उचलून धरत होते. बाटल्यांसाठी धरत होते की साड्यांसाठी, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

आमच्या गटाबद्दल सांगते. शाळेच्या मागच्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान आहे. ते बंद करायचा कायदेशीर रस्ता असा की आधी वॉर्डातल्या बायकांनी सह्या द्यायच्या, मग त्या सह्यांची पडताळणी व्हायची, म्हणजे सरकारी माणसासमोर प्रत्येकीनं येऊन सही माझीच म्हणून सांगायचं, आणि मग मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान चालू राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. आम्ही घरोघर जाऊन बायकांना हेच समजावत होतो.

गटाची अध्यक्ष मी होते, कारण मला अर्ज लिहिता येत होते आणि तहसील कचेरीत मला खुर्ची मिळायची. पण गट चालवायची ती आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी मावशी. वयानं माझ्याच एवढी, पण शाळेत सगळे तिला मावशीच म्हणतात. तिचा नवरा दारूनं गेला. पोट फुगून, घरातल्या घरात, सहा महिने घेऊन गेला. ती बौद्ध वस्तीत राहते. विहारात पंचशील म्हणताना शेवटचं शील येतं, मद्य घेणार नाही हे, तेव्हा बाकीच्या बायका डोळे मिटतात आणि मावशी मान वळवून पुरुषांच्या रांगेकडे पाहते. हे मला तिनंच सांगितलं होतं. "कोणाचे ओठ हालत नाई ते पाहतो मी," म्हणाली होती.

इकडे घरात नवऱ्याचं शिक्षण जोरात सुरू झालं. मोबाइलवर दिवसभर वाईनचे व्हिडिओ. एक शंभर पानी वही केली, तिच्यात कशासोबत काय खायचं ते लिहायचे. बाटल्या त्यांनी फ्रिजमध्ये आडव्या ठेवल्या. दुधाचं पातेलं वर सरकलं, कढीपत्ता दारात गेला.

"उभी ठेवली तर काय होते?" मी विचारलं.

"वाईनची बाटली आडवीच ठेवायची असते. बूच ओलं राहावं लागतं."

बाहेर मी दारोदार सांगत फिरत होते, आडव्या बाटलीवर शिक्का मारा. घरात आडव्या बाटलीला हात लावायची मला परवानगी नव्हती. आणि त्या बाटलीला बूच नव्हतंच. फिरकीचं झाकण होतं, औषधाच्या बाटलीला असतं तसं. हे त्यांनी दीड महिना पाहिलं नाही. बूच काढायचा स्क्रू मात्र मुलाकडून कुरिअरनं मागवून घेतला.

फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की आपण रविवारी दुपारी काही निवडक लोकांना जेवायला बोलावू. निवडक म्हणजे तीन. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आणि एक कृषी केंद्रवाले. हे तिघं संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून देशाचं काय करायचं ते ठरवत असतात. वहीतून पदार्थांची यादी निघाली. ग्रिल्ड फिश. बकरीच्या दुधाचं चीज. शतावरीचे कोंब. कोळंबी. मी यादी वाचली आणि विचारलं, "हे दारव्ह्यात कुठं भेटते?"

"त्यातलं जमेल तेवढं करू," ते म्हणाले. "पण मसाला नको. मसाल्यानं वाईन मरते."

शतावरी आयुर्वेदाच्या दुकानात मिळाली, भुकटी. ती त्यांनी आणली आणि दोन दिवस ठेवून परत केली. चीजसाठी बेकरीतून चौकोनी वड्यांचं पाकीट आलं. बकरीचं दूध आमच्या गल्लीच्या टोकाला मिळतं, पण ते नासवून पनीर करू का विचारलं तर म्हणाले, वास येईल. पाहुण्यांना पेरूचा वास घ्यायला बोलावलं होतं, बकरीचा नाही. कोळंबीचा विषय त्यांनी स्वतःच सोडला. मासा तेवढा खरा मिळाला. कृषी केंद्रवाल्यांचा एक गिऱ्हाईक दिग्रसजवळच्या अरुणावती धरणाकडे राहतो, त्यानं सकाळी मोटरसायकलवरून दोन मोठ्या मरळी आणून दिल्या.

मी मासा स्वच्छ केला, नुसतं मीठ आणि लिंबू लावून तव्यावर कमी तेलात परतला. असा मासा मी जन्मात केला नव्हता. आमच्याकडे माशाला इतकी लाल फोडणी असते की खाली मरळ आहे की आणखी काय, हे काटा लागल्यावरच कळतं. मला स्वतःलाच तो ताटात उघडा वाटायला लागला. म्हणून मी माझ्या मनानं सांबारवडी केली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हिवाळ्यात ती ढीगभर येते. बारीक चिरून, खोबरं, खसखस, तीळ घालून सारण करायचं, बेसनाच्या पातळ पोळीत गुंडाळायचं आणि तळायचं. तिखट मी हात राखून घातलं. यांनी स्वयंपाकघरात येऊन पाहिलं आणि म्हणाले, "हे कायले केलं? हे यादीत नाई."

"पाहुणे उपाशी जाऊ नये म्हणून," मी म्हटलं.

साडेबाराला पाहुणे आले. समोरच्या खोलीत टेबल मांडलं होतं. ग्लास सुनेनं दिलेले, दांडीचे. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बोलणं एकदम पुस्तकी झालं होतं. "मित्रहो, ही कोरडी वाईन आहे," असं त्यांनी सुरू केलं.

"ओली दिसून राह्यली," कृषी केंद्रवाले म्हणाले.

"कोरडी म्हणजे साखरविरहित."

"मग डायबिटीसवाल्याले चालते काय?" हे मुख्याध्यापक. त्यांना आहे. डॉक्टरांनी मान हलवली, ती होची की नाहीची ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या गोळ्यांचंही तसंच असतं.

मग झाकणाचा प्रसंग झाला. यांनी स्क्रू हातात घेतला, बाटलीवरचं चंदेरी वेष्टन सोलायला लागले आणि ते सोलेना. मी दारात उभी होते. डॉक्टरांनी बाटली हातातून घेतली आणि फिरवून झाकण उघडलं. यांनी स्क्रू शर्टाच्या खिशात ठेवला. नंतर दोन दिवस तो खिशातच होता, धुवायला टाकताना मला टोचला.

सगळ्यांनी ग्लास फिरवले. कृषी केंद्रवाल्यांचा फिरवताना निम्मा टेबलावर गेला. यांनी त्या नाशिकच्या मुलीसारखं विचारलं, "आता सांगा, कशाचा वास येतोय?"

"स्पिरिट," डॉक्टर म्हणाले.

"चुन्याच्या निवळीसारखा येऊन राह्यला," मुख्याध्यापक म्हणाले.

कृषी केंद्रवाले बराच वेळ हुंगत राहिले. ते आपल्या धंद्यात प्रामाणिक माणूस आहेत. म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ, पण मले कपाशीवरच्या फवाऱ्याचा येऊन राह्यला. तो नवीन आला न, त्याचा."

"पेरू," हे म्हणाले. "नीट घ्या. पेरू येतो."

तिघांनी पुन्हा नाक घातलं. पेरू कुणालाच आला नाही. एक घोट झाल्यावर मुख्याध्यापकांनी तोंड असं केलं, जसं काही पोरांनी शाळेत तपासणीच्या साहेबांसमोर चुकीचा पाढा म्हटला. डॉक्टर म्हणाले, थोडा सोडा टाकला तर. कृषी केंद्रवाल्यांनी आत हाक दिली, "वहिनी, ठेचा हाय का व घरात?"

मी ठेचा नेऊन दिला. मला माहीत होतं काय होईल, आणि तरी मी भरपूर दिला. हिरव्या मिरचीचा, लसणाचा, खलबत्त्यातला. त्यांनी माशावर ठेचा घेतला, वर वाईनचा घोट घेतला, आणि तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीवर वाईन म्हणजे विस्तवावर तेल. वहीत ते लिहिलेलं होतं, हे मी नंतर वाचलं. यांनी पाहुण्यांना वही वाचून दाखवायला सुरुवात केली तोवर पाहुणे पाणी पीत होते. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही. दीड महिना माझ्या फ्रिजवर राज्य केलेल्या माणसाची फजिती मी दाराच्या चौकटीला टेकून पाहिली.

मग मी आत आले. स्वयंपाकाच्या ओट्यावर एक ग्लास होता, बाटली उघडल्यावर यांनी स्वतःसाठी भरून आत आणून ठेवलेला. शेजारी ताटात सांबारवडी, गरम. मी वडीचा तुकडा खाल्ला आणि का कोण जाणे, ग्लास उचलला. दांडीला धरला की पोटाला ते आठवत नाही. घोट घेतला.

ती चांगली लागली. खोटं कशाला बोलू. आंबट होती, पण कैरीसारखी टोकदार नाही. वडीचं तेल तिनं जिभेवरून धुऊन नेलं आणि सांबाराची चव मागे जशीच्या तशी उरली, उलट वाढली. मग मी त्या उघड्याबोडक्या माशाचा तुकडा घेतला आणि वर दुसरा घोट. आता कळलं की मासा बिनमसाल्याचा का करायला सांगितला होता. धरणाच्या पाण्याची जी एक मंद चव मरळीला असते, जी आम्ही जन्मभर तिखटाखाली गाडत आलो, ती त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. बाहेर चार शहाणी माणसं बसून फवाऱ्याचा वास घेत होती, आणि आत मी, जिला कुणी विचारलं नव्हतं, तिला पेरू आला. खरंच आला. मी तिसरा घोट घेतला. स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं असेल.

तेवढ्यात मागच्या दारानं मावशी आली.

ती कधी पुढून येत नसे. मागून यायची, पाय धुवायची, सरळ स्वयंपाकघरात. मागे आणखी तीन-चार बायका होत्या, त्या अंगणात थांबल्या. तिच्या हातात सह्यांच्या कागदांची फाईल होती. म्हणाली, "बाई, उद्याच हाय पडताळणी. आत्ता निरोप आला. आज घरोघर सांगाव लागते, नाई तर बाया कामाले निघून जातील. चाला."

मी ग्लास खाली ठेवला. उशीर झाला होता. तिनं ग्लासकडे पाहिलं.

"काय हाय हे?"

"लोणच्याचा सिरका," मी म्हटलं.

एवढा पटकन मी आयुष्यात कुठला शब्द बोलले नसेन. मास्तरकीत पोरं खोटं बोलली की मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायची, आणि ते किती लवकर उत्तर देतात त्यावरून ओळखायची. मावशीनं ग्लास उचलला, नाकाजवळ नेला. फिरवला नाही. त्या सगळ्या घरात त्या दिवशी वास ओळखणारं खरं नाक तेच होतं. तिनं ग्लास होता तिथं ठेवला.

"सिरका ग्लासात घेऊन पेत नाई बाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मी काही बोलणार तेवढ्यात हे आत आले. बाहेरची मैफल मोडली होती आणि यांना श्रोते हवे होते. अंगणातल्या बायका पाहून यांना उत्साह आला. म्हणाले, "घाबरू नका. ती वाईन आहे. कोरडी. दारू नव्हे ती. शुद्ध फळाचा रस आहे. परदेशात डॉक्टर लोक जेवणासोबत घ्यायला सांगतात."

अंगणातली एक म्हातारी बाई पदर तोंडाला लावून हसली. बाकीच्या माझ्याकडे पाहत होत्या. मावशीनं यांना विचारलं, "कोरडी मंजे?"

"गोडवा नसलेली."

"आमच्या घरी बी तशीच होती," मावशी म्हणाली. "गोडवा कधी पाह्यला नाई." मग माझ्याकडे वळली. "बाई, घाटाखालच्या म्हातारीनं बी हेच म्हटलं होतं. फुलाचा रस हाय, दारू नोहे. आठवते का?"

मला आठवत होतं. आदल्या पावसाळ्याच्या आधी आम्ही दहा-बारा बायका घाटाखालच्या एका वस्तीवर गेलो होतो. तिथं एक एकटी म्हातारी मोहाच्या फुलांची दारू गाळायची. आम्ही तिच्या झोपडीत शिरलो आणि तिची मडकी फोडली. पहिलं मडकं मी फोडलं होतं, अध्यक्ष म्हणून. म्हातारी ओरडली नाही की आडवी आली नाही. दारात बसून म्हणत राहिली, "फुलाचा रस हाय माय तो. फुलाचा रस." परतताना मी जीपमध्ये बायकांना म्हटलं होतं, पाहा, ही माणसं दारूला काय काय नावं देतात. आम्ही सगळ्या हसलो होतो. सगळ्यात जास्त मी.

मी म्हटलं, "थांब मावशी, मी येतो. साडी बदलून येतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "तोंडाचा वास येईन. बाया विचारतीन." आणि फाईल घेऊन मागच्या दारानंच गेली. बायका तिच्यामागे गेल्या.

हे म्हणाले, "अडाणी आहेत. समजत नाही त्यांना." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या वहीत ज्या ज्या गोष्टी होत्या त्यांतली एकही त्यांना जिभेवर कळली नव्हती, आणि मावशीला एका वासात सगळं कळलं होतं. त्या क्षणी अडाणी कोण याची यादी केली असती तर माझं नाव त्यांच्या वर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडताळणीला गेले. बायका रांगेत होत्या. मला पाहून कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. मी टोमण्याची तयारी करून गेले होते, त्यामुळे ते जास्त लागलं. साहेबांनी नेहमीसारखी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. मावशी टेबलाजवळ उभी राहून एकेकीला पुढे करत होती, आणि जिथं नाव चुकलं होतं तिथं बोट ठेवून साहेबांना सांगत होती. तिला वाचता येतं, हे मला नीट माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की मी वाईन प्यायले आणि मावशीशी खोटं बोलले, म्हणून अध्यक्षपद सोडते. मला वाटत होतं, हे फार मोठं काही होणार. एका बाईनं विचारलं, "कशी लागते हो ते?" दुसरीनं तिला कोपर मारलं. मग मावशी म्हणाली, "तुमी पेल्या त्याचं मले काई नाई. तुमच्या घरात कोणी कोणाले मारत नाई, कोणी मेलं नाई. पण सिरका कायले म्हटलं? मी का पोलीस होतो?"

मी तिला सिरका म्हटलं, कारण मला वाटलं, ती मानेल. खिचडी शिजवणारी बाई, तिला काय कळतं. एवढंच होतं त्यामागे.

अध्यक्ष ती झाली. मी अर्ज लिहिते, ती सांगते तसे. एकदा मी तिच्या वाक्यात शुद्धलेखनासोबत थोडा मजकूरही सुधारला, तर तिनं कागद परत दिला. मतदान अजून झालेलं नाही, तारखा पुढे जातात. घाटाखालच्या म्हातारीकडे मी एकदा गेले होते. झोपडीला कुलूप होतं, मुलीकडे गेली म्हणाले शेजारी. कोणत्या गावाला, ते कुणाला माहीत नव्हतं.

यांची वही चाळीस पानांवर थांबली. दुसरी बाटली त्यांनी डॉक्टरांना दिली, डॉक्टरांनी ती व्याह्यांना दिली. आता ते मधाबद्दल व्हिडिओ पाहतात आणि खरा मध कसा ओळखायचा ते ओट्यावर सांगतात. तिघं ऐकतात.

मी वर्षातून एकदा-दोनदा, नाशिकला गेले की, अर्धा ग्लास घेते. कोरडी पांढरीच. सोबत काय हवं ते मी सुनेला सांगते. तळलेला मासा, किंवा भजी, किंवा ताज्या पनीरवर नुसतं मीठ. ठेचा नको, वांग्याची भाजी तर मुळीच नको. या जानेवारीत तिच्या घरी जेवायला बसले होते, ग्लास समोर होता, आणि मावशीचा फोन आला.

"काय करून राह्यल्या बाई?"

सून माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "वाईन पिऊन राह्यली, मावशी."

पलीकडे शाळेची घंटा वाजल्याचा आवाज आला, पोरांचा गोंधळ.

"कशासंग?"

"माशासंग."

"मले पटत नाई," ती म्हणाली. "सोमवारी येता ना? तहसीलवर अर्ज द्याचा हाय. येताना कोरे कागद घेऊन या, मागच्या वेळेस रेघांचे आणले होते."